जिल्हा परिषदेच्या शाळेला निकष लावायचे कोणी?

बांधावरचा

आमच्या गावात दोन शाळा. एक जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, पट ४७. दुसरी एका संस्थेची, इंग्रजी माध्यम, स्वयंअर्थसहाय्यित. यंदा उन्हाळ्यात संस्थेच्या शाळेला गटशिक्षण कार्यालयातून पत्र आलं. मुलींचं स्वच्छतागृह वेगळं नाही, कुंपण अर्धवट आहे, त्रुटी दूर केल्याशिवाय आरटीई (शिक्षण हक्क कायदा) मान्यतेचं नूतनीकरण होणार नाही. जून उजाडेपर्यंत कुंपणही झालं आणि स्वच्छतागृहही.

झेडपीच्या शाळेला दोन खोल्या. त्यातल्या एकीच्या छताचे गज उघडे पडलेत. पावसाळ्यात खपल्या गळतात, म्हणून तिला कुलूप लावलंय. उरलेल्या खोलीत पहिली-दुसरी-तिसरी, व्हरांड्यात चौथी-पाचवी. दोन शिक्षक मंजूर आहेत, पण एकाला 'तात्पुरत्या स्वरूपात' पंचायत समितीत बसवलंय. हे तात्पुरतं दिवाळीआधीपासून चालू आहे. या शाळेला मात्र कोणाचंही पत्र नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. म्हटलं कायदा तरी वाचू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, पानभराचीच. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, शिवाय मुख्याध्यापकासाठी कार्यालय-नि-भांडार अशी एक खोली. सगळ्या ऋतूंत टिकेल अशी इमारत, अडथळ्याविना आत जाता येईल असा रस्ता, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, खेळाचं मैदान, कुंपण. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. ग्रंथालयात वर्तमानपत्र हवं असंसुद्धा लिहिलंय.

यातलं एकही वाक्य 'फक्त खाजगी शाळांसाठी' असं नाही. मग एकाला पत्र आणि दुसऱ्याला नाही, हे कसं? कायद्यात ही सूट कुठे दिलीय, जाणकारांनी सांगावं.

कोर्टपायरी

सूट आहे, पण तुम्ही शोधताय तिथे नाही. कलम १८ वाचा. मान्यता प्रमाणपत्राशिवाय कोणतीही शाळा चालवता येणार नाही, 'शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने स्थापन केलेली, त्यांच्या मालकीची वा नियंत्रणाखालची शाळा सोडून'. विनामान्यता शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे दहा हजार. ही छडी खाजगी शाळेवर. झेडपीच्या शाळेला मान्यताच लागत नाही, तर काढून काय घेणार?

निकष मात्र तिला लागू आहेत. कायदा १ एप्रिल २०१० ला अमलात आला आणि कलम १९ प्रमाणे आधीपासूनच्या शाळांना निकष पूर्ण करायला तीन वर्षं दिली, म्हणजे मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. पूर्ण न केल्यास काय? मान्यता काढायची. इथे गाडी पुन्हा त्याच भिंतीला धडकते.

यामागे अगदीच तर्क नाही असं नाही. मान्यता काढताना त्या आदेशातच लिहावं लागतं की इथली मुलं शेजारच्या कोणत्या शाळेत जातील. आता वाडीवरची एकमेव शाळा झेडपीची असेल तर तिची मुलं पाठवणार कुठे? म्हणून कायद्याने सरकारी शाळेवर बंदीचं हत्यार ठेवलं नाही. त्याऐवजी कर्तव्य घातलं. कलम ८ शासनावर, कलम ९ स्थानिक प्राधिकरणावर. इमारत, शिक्षक, साहित्य 'पुरवील' असा शब्दप्रयोग आहे, 'पुरवू शकेल' असा नाही.

खडूफळा

मी याच खात्यात खडू झिजवतोय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

ती कुलूपबंद खोली आधी कागदावर मरावी लागते. त्याला निर्लेखन म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकाचा प्रस्ताव, फोटो, केंद्रप्रमुखाचा अहवाल, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, मग बांधकाम उपविभागाचा अभियंता येऊन इमारत धोकादायक असल्याचा दाखला आणि जुन्या मालाचं मूल्यांकन देणार, मग जिल्हा परिषदेची मंजुरी. तोवर खोली पाडता येत नाही. आणि जोवर ती रेकॉर्डवर उभी आहे तोवर यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, शाळेच्या वर्गखोल्या दोनच दिसतात. शिक्षक दोन, खोल्या दोन. निकष पूर्ण! वरच्या ऑफिसातल्या संगणकावर तुमच्या शाळेत काहीच अडचण नाही.

जागेचं दुखणं वेगळंच. कितीतरी शाळांची जागा साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी तोंडी दिलेली. बक्षीसपत्र नाही, सातबाऱ्यावर झेडपीचं नाव नाही. तोंडी देणाऱ्याचा नातू आज कुंपण घालू देत नाही. मराठवाड्यात निजामकालीन इमारतींचं भिजत घोंगडं त्यात आणखी.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं. तीस मुलांपर्यंत वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार. त्यातला किमान दहा टक्के स्वच्छतेवर. त्यातूनच वीजबिल, खडू, रजिस्टर, रंगरंगोटी. तेही वेळेवर येईल याची हमी नाही. या पैशात स्लॅब होत नाही हो.

हिशोबी

माफ करा, पण ही सगळी चर्चा विटा-सिमेंटची चाललीय. अनुसूचीत कुंपण आहे, तास आहेत, वर्तमानपत्र आहे. मूल तिसरीत गेल्यावर त्याला वाचता यावं असं कुठे आहे? संस्थेच्या शाळेने कुंपण बांधलं म्हणून तिथली मुलं हुशार झाली का? निकषांच्या नावाखाली कमी फीच्या छोट्या खाजगी शाळा बंद पडल्या आणि मोठ्या इमारतवाल्यांचं फावलं, हेही बोला.

बांधावरचा

हिशोबी, छप्पर डोक्यावर पडू नये ही गुणवत्तेच्या आधीची गोष्ट आहे. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छत सकाळी कोसळलं, सात मुलं गेली. आमच्या व्हरांड्यात बसणारी पाचवीची मुलं त्या कुलूपबंद खोलीच्या भिंतीला पाठ टेकून बसतात.

कोर्टपायरी

हिशोबींचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कलम २९ मध्ये अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाचं आहे आणि कलम २४ मध्ये शिक्षकाने अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करावा, प्रत्येक मुलाची क्षमता पाहून जादा मदत करावी असंही आहे. पण मोजता येण्याजोगं जे आहे ते अनुसूचीत, आणि न्यायालयात मोजता येण्याजोगंच टिकतं. ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत प्रत्येक शाळेत स्वच्छतागृह, पाणी, पुरेशा वर्गखोल्या द्या म्हणून आदेश दिला, सरकारी आणि खाजगी दोन्ही. आदेश नाहीत अशी परिस्थिती कधीच नव्हती.

नवीन_पालक

अवांतर विचारतो. आरटीईखाली खाजगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना जवळ झेडपी शाळा असेल तर खाजगी शाळा मिळत नाही असं ऐकलं. खरं का?

कोर्टपायरी

तसा बदल ९ फेब्रुवारी २०२४ ला नियमात केला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला त्या २५ टक्क्यांतून मोकळीक. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला. तुम्ही फॉर्म भरा.

यातली गंमत बघा. सरकार म्हणत होतं, आमची शाळा जवळ आहे ना, तिथे जा. मग ती शाळा निकषात बसते का, हे विचारायची वेळ आली की सगळे आपापल्या फायलीत तोंड घालतात.

एडिसनवाडी

न्यू जर्सीहून. इथे शाळा त्या भागाच्या शाळा-जिल्ह्याच्या (स्कूल डिस्ट्रिक्ट) बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या हातात असते आणि बहुतेक ठिकाणी ते बोर्ड लोक निवडून देतात. वर्षाला १८० दिवस शाळा भरलीच पाहिजे. राज्य दर तीन वर्षांनी प्रत्येक जिल्ह्याची पाच बाबींत तपासणी करतं आणि प्रत्येक बाबीत ८० टक्के गुण लागतात.

तुमच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट अशी की इथे सरकारी शाळेविरुद्धही छडी आहे. १९८९ मध्ये राज्याने जर्सी सिटीचा अख्खा शाळा-जिल्हा स्थानिक बोर्डाकडून काढून स्वतःच्या ताब्यात घेतला. मग १९९१ मध्ये पॅटरसन, १९९५ मध्ये न्यूअर्क. न्यूअर्कला कारभार परत मिळायला २०१८ उजाडलं.

हिशोबी

आणि राज्याने घेतल्यावर सुधारलं?

एडिसनवाडी

वीसेक वर्षं ताबा ठेवावा लागला, यातच काय ते समजा. लोकांचा मताचा हक्क गेला म्हणून आंदोलनंही झाली. पैशाचा प्रश्न न्यायालयात सुटला तेवढा ताब्याने सुटला नाही. गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने चाललेल्या अॅबट खटल्यात राज्य सर्वोच्च न्यायालयाने इमारतींचा खर्च राज्यावर टाकला. आमच्या भागातल्या मराठी मंडळींना मात्र बोर्डाच्या सभेला जायची सवय नाही, घराच्या किमती शाळेवर ठरतात हे माहीत असूनही!

मांडवीकाठ

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा थेट शिक्षण खात्याच्या, मध्ये जिल्हा पंचायत नाही. मराठी नाहीतर कोकणी माध्यम. इमारती तुलनेने बऱ्या आहेत. आमच्याकडे रोग उलटा, खोल्या आहेत आणि मुलं नाहीत. पटसंख्या उतरली की विलीनीकरणाची चर्चा सुरू होते आणि पालक आधीच मूल अनुदानित शाळेत हलवून मोकळे होतात. त्यामुळे पट आणखी उतरतो.

खडूफळा

मांडवीकाठ, तोच रोग इकडे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, किमान वीस मुलं उपलब्ध असतील तर. या वीसच्या आकड्याने अनेकांची झोप उडवलीय. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करायचं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले, पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांचा दाखला देऊन. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळेत दुसरा शिक्षक कंत्राटी द्यायचं निघालं, तेव्हा २५ तारखेला आम्ही सामूहिक रजा टाकली.

समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. चांगली बस, चांगली इमारत, विषयवार शिक्षक मिळत असतील तर मुलांचं भलंच आहे. पण ओढ्याला पाणी आलं की बस थांबते आणि पहिली बंद होते ती मुलींची शाळा. हे मी बघितलंय.

आणि संचमान्यतेचं एकदा सांगूनच टाकतो, कारण सगळ्या गोष्टींची मेख तिथे आहे. ३० सप्टेंबरला पटावर किती मुलं, त्यातली आधार जुळलेली किती, त्यावर पुढची शिक्षकांची पदं. नावातली वेलांटी चुकली, आधार जुळलं नाही, मूल गळालं. वर्गात रोज पुढच्या रांगेत बसणारं मूल संचमान्यतेत नसतं. १५ मार्च २०२४ च्या नव्या निकषांनी हे आणखी आवळलं. बांधावरचा, तुमचा पट ४७ आहे, तुम्ही सुरक्षित आहात. शेजारच्या वाडीला विचारा.

बांधावरचा

सगळं समजलं, पण मूळ प्रश्न लोंबकळतोच आहे. छडी नाही, पैसा नाही. मग समितीचा सदस्य म्हणून मी करू काय? सभेला सह्यांपुरतं बोलावतात. चहा, वेफर्स, प्रोसिडिंगवर सही, संपलं.

उंबरठा

मी वर्धा जिल्ह्यात शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. भाऊ, प्रोसिडिंग आधी वाचत जा, मग सही. आमच्या इथं ते आधीच लिहून यायचं.

समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजे आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया पाहिजे, हे कायद्यातच आहे. अध्यक्ष पालकांतून. मुख्याध्यापक सचिव असतो, मालक नाही. कलम २२ मध्ये शाळा विकास आराखडा आहे. तो समितीने करायचा. अन् दुसऱ्या पोटकलमात लिहिलंय की शासन किंवा झेडपी जे नियोजन अन् अनुदान ठरवेल त्याचा आधार हा आराखडाच राहील. हे वाक्य आम्ही मोठ्या अक्षरात छापून ऑफिसात लावलं होतं!

आमचा आराखडा आधी असाच होता, 'वर्गखोली १, संरक्षक भिंत, संगणक'. मग आम्ही सगळ्या पालकांनी मिळून टेप घेऊन शाळा मोजली. व्हरांड्याची रुंदी किती, त्यात मुलं किती, पाण्याच्या टाकीचं झाकण कुठं आहे, मुलींच्या संडासाची कडी आतून लागते का. कडी लागत नव्हती. सातवीच्या पोरी म्हणूनच दुपारनंतर घरी पळायच्या, हे गुरुजींना माहीतच नव्हतं. अनुसूचीतला एकेक मुद्दा डावीकडे लिहिला अन् उजवीकडे आमच्या शाळेत काय आहे ते. तोच कागद ग्रामसभेत वाचला, ठराव घेतला. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातून पाणी अन् संडासाचं काम झालं. खोली नाही झाली लगेच, ती जिल्हा नियोजनच्या निधीतून पुढच्या वर्षी मंजूर झाली.

बांधावरचा

ताई, हे भारी आहे. आणि तो पंचायत समितीत बसवलेला शिक्षक?

उंबरठा

कलम २५ चं दुसरं पोटकलम. एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावता येत नाही. आमच्याही मॅडमला असंच नेलं होतं. समितीने लेखी तक्रार केली, त्यात कलमाचा नंबर टाकला. त्याआधी तोंडी सांगून सांगून जीभ झिजली होती.

खडूफळा

बरोबर. २७ वं कलम त्याला जोडून वाचा. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम नाही. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज शाळेच्या निकालात सांगितलं की मतदार यादीची कामंसुद्धा सुट्टीत आणि शाळेच्या वेळेबाहेर द्या. आमच्याकडे ती कामं कधी करून घेतात ते विचारू नका. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लावली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर दोन वर्षांत पास व्हा. अभ्यास कधी करायचा, बीएलओचं (मतदार यादीच्या कामाचं) रजिस्टर भरताना?

हिशोबी

टीईटी तर कलम २३ खालची पात्रता आहे, मास्तर. खोलीला निकष हवा, शिक्षकाला नको?

खडूफळा

नको म्हटलंय कुठे? एवढंच म्हणतो की शिक्षकाने निकष पूर्ण केला नाही तर नोकरी जाते. शासनाने तोच कायदा २०१३ पासून पाळला नाही तर काय जातं, ते सांगा.

कोर्टपायरी

या वादासाठी वेगळा धागा काढा. बांधावरच्यांच्या कामाचं देतो. कलम ३२ प्रमाणे कोणीही माणूस, पालकच असला पाहिजे असं नाही, बालकाच्या हक्काबाबत स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो. सुनावणी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. उच्च न्यायालय त्यानंतर. थेट याचिका केली की पहिला प्रश्न हाच येतो, आधी कुठे तक्रार केली होती का?

मसुदा असा ठेवा:

प्रति, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद.
विषय: शिक्षण हक्क अधिनियम, २००९, कलम ३२(१) अन्वये तक्रार.
१) शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक, इयत्ता, आजचा पट.
२) मंजूर शिक्षक दोन, प्रत्यक्ष हजर एक. दुसरे शिक्षक कार्यालयात कार्यरत. कलम २५(२) चा भंग.
३) वापरायोग्य वर्गखोली एक. अनुसूचीप्रमाणे किमान दोन. दुसरी खोली धोकादायक, सोबत छायाचित्रं.
४) कलम ९ प्रमाणे इमारत व शिक्षक पुरवणं हे आपलं कर्तव्य आहे. तीन महिन्यांत सुनावणी घेऊन लेखी निर्णय द्यावा.
सोबत: समितीचा ठराव, शाळा विकास आराखडा.
प्रत: गटशिक्षणाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी.

खडूफळा

दोन गोष्टी जोडतो. चौथ्या मुद्द्यात 'धोकादायक खोलीचा निर्लेखन प्रस्ताव कोणत्या टेबलवर, कोणत्या तारखेपासून आहे' हेही विचारा. प्रस्ताव गेलाच नसेल तर त्याच दिवशी कळेल. आणि तक्रारीवर मुख्याध्यापकाची सही घेऊ नका. पालकांच्या सह्या घ्या. आमच्या माणसाने सही केली की पहिली नोटीस त्यालाच निघते.

उंबरठा

पोच घ्या, आवक नंबर टाकून. शिक्का नाही म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे.

बांधावरचा

ठराव शनिवारच्या सभेत घेतो. यावेळी प्रोसिडिंग आम्हीच लिहिणार आहोत. अनुसूचीचा तक्ता कोणाकडे तयार असेल तर इथे टाका, पन्नास प्रती काढून शेजारच्या वाडीतही देतो.